मायकेल फॅरडे : मोबाईलमधल्या पिंजऱ्याचा जनक



आजच्या लेखाची सुरुवात माझ्या एका फसलेल्या तासापासून करतो. आठवीच्या वर्गाला मी फॅरडेचा पिंजरा समजावून सांगत होतो. धातूच्या बंद डब्यात बाहेरच्या विजेचा परिणाम पोहोचत नाही, मोबाईलच्या लहरीसुद्धा आत जात नाहीत, असं मी अगदी ठामपणे सांगून टाकलं. मग घरून आणलेला स्टीलचा डबा घेतला, त्यात स्वतःचा फोन ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना कॉल लावायला सांगितलं.

डबा वाजला. नुसता वाजला नाही, टेबलावर थरथरत वाजला. वर्ग खो खो हसला, मीही हसलो. पण मधल्या रांगेतल्या एका मुलीने शांतपणे विचारलं की फॅरडे चुकला होता की आपला डबा चुकला. मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो आणि घंटा होण्याची वाट बघत राहिलो.

त्या 'उद्या'साठी मी फॅरडे पुन्हा वाचायला घेतला, आणि एका दिवसाचं काम दोन आठवडे चाललं. आपण मुलांना हा माणूस एका परिच्छेदात उरकतो. गरीब घरात जन्म, पुस्तकबांधणी, मग जनित्राचा शोध, संपलं. पण त्याचं आयुष्य नीट बघितलं तर त्या डब्याचं उत्तरही त्यातच सापडतं. म्हणून आज ते सविस्तर सांगतो.

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला असलेल्या न्यूइंग्टन भागातला. वडील जेम्स लोहार होते. उत्तर इंग्लंडमधून कामाच्या शोधात लंडनला आलेले, आणि तब्येतीने कायमचे अशक्त. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ साली धान्य फार महागलं होतं. त्या दिवसांत नऊ वर्षांच्या मायकेलला आठवडाभरासाठी एक पाव मिळायचा आणि तो त्याने पुरवून खायचा.

शाळेबद्दल एक हकीकत त्याच्या चरित्रांमध्ये सांगितली जाते, आणि शिक्षक म्हणून ती वाचताना मला जरा ओशाळायला झालं. लहानपणी मायकेलला 'र' उच्चारता येत नसे. मोठ्या भावाचं नाव रॉबर्ट, आणि नेमकं तेच त्याला म्हणता येईना. बाईंनी ठरवलं की छडीनेच जीभ वळवायची. त्यांनी रॉबर्टच्याच हातात अर्धा पेनी दिला आणि छडी विकत आणायला पाठवलं. रॉबर्टने तो पैसा भिंतीपलीकडे भिरकावला आणि घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने दोघांनाही त्या शाळेतून काढून घेतलं. तसंही वाचन, लेखन आणि थोडं अंकगणित एवढंच मायकेलचं शालेय शिक्षण. पुढे आयुष्यभर गणित त्याला परकंच राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

१८०४ मध्ये, तेराव्या वर्षी, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. तेव्हा वर्तमानपत्रं भाड्याने दिली जात. ती सकाळी घरोघर पोचवायची आणि वाचून झाली की परत गोळा करून पुढच्या घरी न्यायची, हे त्याचं काम. वर्षभरात मालकाने त्याला बांधणीच्या कामावर उमेदवार म्हणून घेतलं, तेही उमेदवारीची फी न घेता. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

आता बघा, बांधणीला आलेली पुस्तकं शेकडो हातांतून जातात. हा मुलगा ती शिवता शिवता वाचायला लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड बांधायला आला, त्यातला विजेवरचा लेख त्याने वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचलं. पण नुसतं वाचून त्याचं समाधान होत नसे. पुस्तकात लिहिलेलं खरं आहे का, हे तो परवडेल तेवढ्या सामानात करून बघायचा. काचेच्या बाटलीपासून त्याने घर्षणाने वीज तयार करणारं छोटं यंत्र बनवलं. माझ्या मते फॅरडेची खरी शाळा ही. आणि या शाळेच्या मालकाला, म्हणजे रिबोंना, श्रेय द्यायला हवं. उमेदवार काम सोडून वाचतोय म्हणून ओरडणारे मालक तेव्हाही कमी नसतील.

टेटम नावाचे गृहस्थ संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यानं देत. एका व्याख्यानाला एक शिलिंग. ते पैसे लोहारकाम करणारा भाऊ रॉबर्ट देई, तोच, भिंतीपलीकडे पैसा फेकणारा. मग १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने, डान्स नावाच्या, त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे लंडनमधले सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरडेने चारही व्याख्यानं टिपून घेतली, घरी येऊन सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या. जवळपास तीनशे पानं झाली. बांधणी तर हातातलीच. तो सुबक ग्रंथ त्याने नोकरीच्या विनंतीसह डेव्हींना पाठवला. त्याआधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनाही त्याने पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

डेव्हींनी भेटायला बोलावलं, पण सल्ला दिला तो बांधणीचं काम न सोडण्याचा. विज्ञानात पैसा नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे काय झालं ऐका. प्रयोगशाळेतल्या सहायकाची हाणामारी झाली, त्याला काढून टाकलं आणि जागा रिकामी झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे तिथे रुजू झाला. आठवड्याला २५ शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, सरपण आणि मेणबत्त्या. लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवरची ही इमारत पुढची पंचेचाळीस वर्षं त्याचं घर होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्ही पती-पत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाले. डेव्हींचा खासगी नोकर ऐन वेळी यायला तयार होईना, म्हणून फॅरडेने ते कामही सांभाळायचं ठरलं, तात्पुरतं. ते तात्पुरतं दीड वर्ष चाललं. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखंच वागवत. पॅरिसमध्ये अँपिअर, मिलानमध्ये वृद्ध व्होल्टा, अशी माणसं त्याला भेटली. ज्यांची नावं आज आपण एकक म्हणून शिकवतो ती माणसं त्याने बुटांना पॉलिश करण्याच्या वयात बघितली. एप्रिल १८१५ मध्ये तो परतला.

मधली वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकात सापडतात. १८२१ मध्ये साराशी लग्न झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने विजेची तार चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवली, म्हणजे मोटरचं मूळ. त्यावरून कल्पना दुसऱ्याची चोरल्याचा आळ आला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा अध्यक्षपदी असलेल्या डेव्हींनीच विरोध केला होता. हे वाचून वाईट वाटतं. ज्याने बोट धरून आत आणलं त्यालाच त्या मुलाची वाढलेली उंची सहन झाली नाही. फॅरडेने मात्र डेव्हींबद्दल आदरच राखला. १८२५ मध्ये त्याने बेंझिन शोधलं. आणि २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून तो प्रयोग केला, जो आपण दहावीला विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणून शिकवतो. एका वेटोळ्यातला प्रवाह चालू किंवा बंद होतानाच दुसऱ्यात क्षणभर प्रवाह येतो, एरवी नाही. घरातली वीज, ट्रान्सफॉर्मर, धरणावरचं जनित्र, सगळं तिथून आलं.

आता पिंजऱ्याकडे येऊ.

आपण मुलांना सांगतो की फॅरडेने विजेपासून बचाव करण्यासाठी पिंजरा बनवला. मीही तेच सांगत आलो. पण तसं नव्हतं. त्याला बचाव करायचा नव्हता, त्याला एक प्रश्न सोडवायचा होता. वस्तूला विद्युतप्रभार दिला म्हणतो तेव्हा तो प्रभार नेमका असतो कुठे? त्या काळी बहुतेकांना वाटे की वीज हा एक प्रकारचा अदृश्य द्रव आहे, तो वस्तूत भरता येतो, आणि तो मधली जागा ओलांडून दूरच्या वस्तूवर थेट परिणाम करतो. फॅरडेला हे पटत नव्हतं. एकट्या वस्तूला प्रभार देताच येणार नाही, प्रभार हा नेहमी या टोकाचा आणि त्या टोकाचा, आणि मधल्या जागेचा मिळून असतो, अशी त्याची धारणा होत होती. धातूच्या पोकळ भांड्याच्या आत वीज दिसत नाही हे अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५५ मध्येच पाहिलं होतं. चांदीच्या भांड्यात सोडलेल्या बुचाच्या गोळीवर काही परिणाम होत नव्हता. पण असं का, हे त्यांना सांगता आलं नव्हतं.

फॅरडेने भांडं मोठं केलं. इतकं मोठं, की त्यात माणूस मावेल.

जानेवारी १८३६ मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात लाकडी चौकटीची एक खोली उभी केली. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२ फूट. चौकटीवर तांब्याच्या तारा आडव्या-उभ्या ताणून जाळं केलं, त्यावर कागद चिकटवला, कागदावर जागोजागी कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या लावल्या. प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला धातूने जोडलेला असावा याची काळजी घेतली. हा तपशीलही डोक्यात ठेवा. मग ही सगळी खोली जमिनीपासून विद्युतरोधकांनी वेगळी केली.

आधी त्याने भिंतीतून काचेची लांब नळी घालून तिच्यातून तार नेली आणि आतल्या नुसत्या हवेला प्रभार देता येतो का पाहिलं. नाही आला. मग खोलीत नाजूक विद्युतदर्शी ठेवून सगळ्या खोलीला बाहेरून मोठ्या यंत्राने जोरदार प्रभार दिला. विद्युतदर्शी हललं नाही. शेवटी तो स्वतः आत गेला. पेटत्या मेणबत्त्या, विद्युतदर्शी, वीज ओळखायची असतील नसतील ती साधनं घेऊन तो त्या खोलीत राहिला. बाहेरच्या बाजूला ठिणग्या उडत होत्या, भिंतींच्या सगळ्या अंगांवरून विजेचे झुबके निघत होते. आत मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलली नाही.

तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. बायको त्याच इमारतीत वर राहत होती. तिला त्या दिवशी काय वाटलं असेल, याची नोंद कुठे माझ्या वाचनात नाही.

प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो, आत काहीच नाही, हे त्याने अंगावर घेऊन बघितलं. याचं कारण आज आपण असं सांगतो: धातूमधले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. बाहेरून विद्युतक्षेत्र आलं की ते सरकतात आणि पृष्ठभागावर अशा रीतीने जमतात की आतल्या पोकळीत त्या क्षेत्राचा परिणाम पुसला जातो. सरकण्यासाठी त्यांना वाट मात्र सलग हवी. फॅरडेला इलेक्ट्रॉन माहीत नव्हता, तो पुढे १८९७ मध्ये सापडला. तरी तारांना वर्खाच्या पट्ट्यांनी जोडून घ्यायचं त्याला कळलं होतं.

या खोलीतून तो आणखी पक्का झाला की वीज आणि चुंबकत्व यांचं खरं काम वस्तूंच्या मधल्या जागेत चालतं. या जागेत बलरेषा भरलेल्या असतात असं तो म्हणू लागला. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकून आपण ज्या रेषा दाखवतो त्या. विद्वानांनी त्याच्या प्रयोगांना मान दिला, पण या कल्पनेकडे बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. का? तर त्याच्या लेखनात समीकरणं नव्हती. लहानपणी न शिकलेलं गणित इथे आडवं आलं. कल्पना बरोबर, पण ती ज्या भाषेत मान्य होते ती भाषा त्याला येत नव्हती. आपल्या वर्गातही अशी मुलं असतात. प्रयोगाच्या तासाला सर्वांत पुढे, आणि उत्तरपत्रिकेत निम्मे गुण.

ती भाषा येणारा माणूस स्कॉटलंडमध्ये जन्मला होता, प्रवर्तनाच्या प्रयोगाच्याच वर्षी, १८३१ मध्ये. जेम्स क्लार्क मॅक्सवेल. त्याने तरुण वयात फॅरडेच्या बलरेषांवर निबंध लिहिला आणि तो फॅरडेला पाठवला. १८५७ मध्ये, ६६ वर्षांच्या फॅरडेने २६ वर्षांच्या मॅक्सवेलला लिहिलेल्या पत्रात एक विनंती होती. गणितज्ञांनी आपले निष्कर्ष गणितात काढावेत, पण मग तेच साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. हे पत्र मला प्रत्येक शिक्षक-खोलीत लावावंसं वाटतं, पण असो.

मॅक्सवेलने १८६५ मध्ये मांडलं की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं मिळून लहरी बनतात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने जातात. १८८७-८८ मध्ये जर्मनीत हर्ट्झने त्या लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. तोवर फॅरडेला जाऊन वीस वर्षं झाली होती. रेडिओ, टीव्ही, मोबाईल, वायफाय हे सगळं त्या लहरींवर चालतं. म्हणजे मोबाईलच्या लहरींची वाट फॅरडेच्या बलरेषांतून निघते, आणि त्या लहरींना अडवणारी भिंतही त्याच्याच १२ फुटी खोलीतून.

ही भिंत मोबाईलमध्ये कशाला लागते? एखाद्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे उघडलेला फोन बघायला मिळाला तर मुलांना जरूर दाखवा. आतल्या हिरव्या किंवा काळ्या सर्किट बोर्डवर चौकोनी चकचकीत पत्र्याची झाकणं दिसतील. मुलांना वाटतं की त्याच चिप आहेत. नाही, चिप त्याखाली आहेत. ही झाकणं म्हणजे फॅरडेचे बारीक बारीक पिंजरे. पत्रा साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर जाडीचा, पुष्कळदा जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचा. झाकणाच्या कडा बोर्डवरच्या धातूच्या पट्टीला डाख देऊन जोडलेल्या असतात, त्यामुळे खालचा बोर्ड आणि वरचं झाकण मिळून बंद डबी होते.

फोनच्या आत एवढ्याशा जागेत मोठी दाटी आहे. टू-जी फोन टॉवरकडे बोलताना क्षणभर २ वॅटपर्यंत शक्ती बाहेर टाकतो. टॉवरकडून येणारा जो संदेश त्याला ऐकायचा असतो तो किती क्षीण असू शकतो? एका वॅटचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका. शेजारी प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतो आहे, स्क्रीनचं सर्किट आहे, चार्जिंगचं आहे, कॅमेऱ्याचं आहे. प्रत्येक जण थोड्याफार लहरी सोडतो. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून मुंगीची चाल ऐकायची, तशी ही गत. म्हणून गोंगाट करणाऱ्याला एका डबीत आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या डबीत ठेवावं लागतं. यालाच विद्युतचुंबकीय व्यत्ययापासूनचं शिल्डिंग म्हणतात.

हा व्यत्यय तुम्ही ऐकलेला आहे, बरं का. पूर्वी मोबाईल रेडिओजवळ किंवा स्पीकरजवळ ठेवला की कॉल येण्याच्या आधीच टिडिक-टिडिक असा आवाज यायचा. टू-जी फोन सलग प्रक्षेपण करत नसे. बोलणं चालू असताना तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी लहरी फेकत असे. स्पीकरच्या तारा त्या पकडायच्या आणि २१७ हा आकडा आपल्या कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यातला. आपण तेव्हा कौतुकाने म्हणायचो, फोन येतोय.

पण सगळा फोन धातूने झाकला तर? तर तो फोनच राहणार नाही. अँटेनाला पिंजऱ्याबाहेर ठेवावं लागतं. धातूच्या पाठीच्या फोनवर वर-खाली प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या असतात, त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. लहरींना यायला-जायला जागा आणि धातूचे तुकडे एकमेकांपासून वेगळे, यासाठी त्या असतात. फोन बनवणाऱ्यांची सगळी कसरत हीच: कुठे भिंत घालायची आणि कुठे दार ठेवायचं.

आता माझा डबा. आपण समजतो की फट बारीक असली म्हणजे झालं. मोबाईलच्या लहरींच्या बाबतीत फटीची रुंदी नाही, लांबी महत्त्वाची. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, १८०० ची त्याच्या निम्मी. जाळीची भोकं यापेक्षा खूपच लहान असतील तर लहर अडते. म्हणूनच मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला बारीक भोकांची जाळी असते. तिथल्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, भोकं मिलिमीटरची. (पालकांनो, ओव्हनमध्ये फोन ठेवून प्रयोग करू देऊ नका, चुकून सुरू झाला तर फोनही जाईल आणि ओव्हनही.) माझ्या डब्याचं झाकण वरवर घट्ट होतं, पण ते डब्याला काही मोजक्या ठिकाणीच टेकत होतं. बाकी सगळी गोल धार म्हणजे केसाएवढ्या रुंदीची, पण दीड फुटाच्या घेरात पसरलेली फट. लहरींना एवढं दार पुरे. फॅरडेने वर्खाच्या पट्ट्या जागोजागी जोडून नेमकी हीच गोष्ट सांभाळली होती, आणि मोबाईलमधलं झाकण कडेने डाख देऊन बसवतात तेही यासाठीच. फॅरडे चुकला नव्हता. डबाही नाही. मी चुकलो होतो.

पुढच्या तासाला हे कबूल करून मी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल नेला. फोन दोन पदरांत गुंडाळला, प्रत्येक कड दोन-तीनदा दुमडून चेपली. कॉल लावला. थोडा वेळ शांतता, आणि मग संपर्क क्षेत्राबाहेर असल्याची सूचना. मग एक कड मुद्दाम उघडी ठेवली, आणि फोन वाजला. तुमच्याकडे टॉवर अगदी जवळ असेल तर पदर वाढवावे लागतील. पहिल्याच फटक्यात यश आलं नाही तर घाबरू नका, कड कुठे उघडी आहे ते मुलांनाच शोधू द्या.

फॅरडेच्या मूळ प्रयोगासारखं काही हवं असेल तर प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासा आणि कागदाचे कपटे उचलून दाखवा. मग कपट्यांवर चहाची स्टीलची गाळणी पालथी घाला, ती हाताने धरून ठेवा आणि वरून कंगवा फिरवा. कपटे हलत नाहीत. हे थंडीत करा. पावसाळ्यात दमट हवेमुळे कंगव्यावर प्रभारच टिकत नाही आणि पुन्हा वर्ग हसतो. स्वानुभव.

फॅरडेच्या उतारवयाबद्दल थोडं. १८३९ नंतर त्याची तब्येत ढासळली, काही वर्षं काम जवळजवळ थांबलं, आणि पुढे स्मरणशक्तीने कायमचा त्रास दिला. त्याची रोजनिशी मात्र चालू होती. त्यात क्रमांक घातलेल्या १६ हजारांहून अधिक नोंदी आहेत, आणि फसलेले प्रयोगही जमलेल्यांइतकेच नीट लिहिलेले आहेत. मुलांसाठी नाताळच्या सुट्टीत तो व्याख्यानं देई. १८२७ ते १८६० या काळात त्याने अशा १९ मालिका केल्या. मेणबत्ती ही एकच वस्तू घेऊन सगळं रसायनशास्त्र उलगडणारी मालिका आजही पुस्तकरूपात वाचली जाते. तोतरं ठरवून ज्याच्यासाठी छडी मागवली गेली, त्याने पुढे वक्तृत्वाचे धडे घेतले होते, स्वतःच्या खर्चाने. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्याने नाकारलं. १८५८ पासून राणी व्हिक्टोरियाने दिलेलं हँप्टन कोर्टचं घर त्याला राहायला होतं.

१८६२ च्या मार्चमध्ये त्याने ज्योतीच्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो का, हे पाहिलं. वर्णपटातल्या रेषा हलतील अशी त्याची अपेक्षा होती. हलल्या नाहीत. तशी नोंद केली. तो त्याचा शेवटचा प्रयोग. १८९६ मध्ये झीमन या डच शास्त्रज्ञाने अधिक चांगल्या उपकरणांनी तेच करून बघितलं आणि रेषा रुंदावलेल्या दिसल्या. झीमनला त्यासाठी १९०२ चं नोबेल मिळालं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, हँप्टन कोर्टच्या घरात, खुर्चीत बसल्या बसल्या फॅरडे गेला. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्याची साधी कबर आहे.

फॉइलच्या तासानंतर तीच मुलगी परत आली. तिने घरी वडिलांचा फोन गुंडाळण्याआधी त्यातलं होकायंत्र चालू ठेवलं होतं आणि फॉइलला वरून बघता येईल एवढं चौकोनी छिद्र पाडलं होतं. कॉल येईना, पण काटा मात्र उत्तर दाखवत होता. तिला वाटलं की तो छिद्रामुळे दाखवतोय. मी तिला एक टाचणी, एक चुंबक आणि फॉइलचा न फाडलेला तुकडा दिला आहे. ॲल्युमिनियमच्या आरपार चुंबक टाचणीला ओढतो का, हे ती सोमवारी वर्गाला दाखवणार आहे. त्यानंतर मी १८३१ चं लोखंडी कडं शिकवायला घेईन.